नस काढलेली दाढ

मी एक दाढ बोलतेय. खालच्या जबड्यातली, डाव्या बाजूची. समोरच्या दातांवरून जीभ फिरवत मागे गेलात, की जी पहिली ऐसपैस, चौकोनी दाढ लागते ना, ती मी. तुमच्याही तोंडात माझी एक बहीण त्याच जागी असेल. नसेल, तर तिची रिकामी जागा असेल.

दाढेला बाहेरचं काय कळणार, असं तुम्ही म्हणाल. तोंड उघडलं की मला दिसतं, मिटलं की अंधार. पण ऐकू मात्र सगळं येतं. आवाज कानापर्यंत जायच्या आधी जबड्याच्या हाडातून माझ्यापर्यंत पोचतो. त्यामुळे जिच्या तोंडात मी राहते, ती काय बोलली, काय बोलता बोलता गिळून टाकलं, ते मला पक्कं ठाऊक असतं.

तिला घरी, दुकानात, गल्लीत सगळे बारकी म्हणतात. आता ती चांगली थोराड बाई आहे, थोरल्या बहिणीपेक्षा वीतभर उंच आहे, तरी नाव बारकीच. थोरलीला सगळे ताई म्हणतात, अगदी तिच्याहून मोठी गिऱ्हाइकंसुद्धा.

मी उगवले तेव्हा माझं कौतुक कुणी केलं नाही. बारकीचे पुढचे दुधाचे दात तेव्हा हलत होते. एकेक दात पडला की घरभर मिरवणूक. नवा दात डोकावला की आरशासमोर उभं राहून पाहणी. मी कुणालाही न पाडता, कुणाचीही जागा न घेता, सगळ्यांच्या मागे गुपचूप वर आले. थोड्याच दिवसांत माझ्या खाचेत एक काळा ठिपका पडला. बारकीच्या आईनं तो बॅटरी लावून बघितला आणि म्हणाली, "दुधाचीच आहे. पडेल, नवी येईल."

मी दुधाची नव्हते. मी एकदाच येते आणि मी गेले तर माझ्या जागी दुसरी यायची नसते. हे त्या माउलीला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि मला काही बोलता येत नव्हतं. ठिपका तसाच राहिला.

बारकीच्या वडिलांचं तसबिरी मढवून द्यायचं दुकान होतं. खाली दुकान, वर राहायच्या खोल्या. वडील गेले आणि दुकान दोघी बहिणींकडे आलं. ताईनं लग्न केलंच नाही. बारकीनं केलं, ते जुळलं नाही, ती परत आली. त्यावर घरात फारशी चर्चा झाली नाही. दोघींनी कामं वाटून घेतली. ताई गल्ल्यावर बसते, माप घेते, पुठ्ठा कापते, गिऱ्हाइकाशी बोलते. बारकी चौकटीच्या लाकडी पट्ट्या कापते, कोपरे जुळवते, काच बसवते आणि मागून चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकते.

त्या चुका हातात धरल्या तर हातोडी धरायला हात उरत नाही. म्हणून बारकी त्या पुढच्या दातांत धरायची. एकेक चूक ओठातून काढायची, ठोकायची. चिकटपट्टी तोडायचं काम सुळ्याचं. आणि डिंकाच्या बाटलीचं वाळून घट्ट झालेलं टोपण पिळून काढायचं काम माझं. मी ते मुकाट्यानं केलं. दाढेला कामाचा कंटाळा नसतो.

त्रास व्हायचा तो चहाचा. दुकानात दिवसभर चहा चालायचा, चांगला गोड. गिऱ्हाईक आलं की चहा, गिऱ्हाईक गेलं की चहा. तो गोडवा माझ्या खाचेत बसून राहायचा. रात्री थकून वर गेली की बारकी गादीवर पडायची ती सकाळीच उठायची. ब्रश सकाळी, घाईघाईत, आणि तोही समोरच्या दातांवर. समोरचे दात लोकांना दिसतात. माझ्यापर्यंत ब्रश पोचायचा तो नुसता येऊन गेल्यासारखा.

लग्नाच्या आधी एकदा कुणीतरी माझ्यातली कीड खरवडून सिमेंट भरलं होतं. ते बरीच वर्षं टिकलं. मग एक दिवस त्याचा तुकडा निघाला, चहाबरोबर पोटात गेला, आणि माझ्या मधोमध खड्डा पडला. बारकीची जीभ दिवसातून शंभरदा तिथे जायची. जेवण अडकलं की ती दुकानातलीच एखादी चूक घ्यायची आणि टोकरून काढायची. ताईनं पाहिलं की ती एवढंच म्हणायची, गिऱ्हाइकासमोर नको.

मग दुखायला लागलं. आधी गार पाण्यानं. मग गरम चहानंही. मग काहीच न खाता, आपलं आपणच.

ते का दुखतं, हे मी सांगते, कारण ते माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. माझ्या पोटात एक नस असते. नस म्हणजे नुसता दोरा नव्हे. रक्त, संवेदना, सगळा जिवंत ऐवज तिच्यात. कीड खाली खाली सरकत तिच्यापर्यंत गेली की ती सुजते. बोट सुजलं तर त्याला फुगायला जागा असते. माझ्या भिंती दगडासारख्या. नस फुगणार कुठे? ती भिंतींवर धडका देते. त्यालाच तुम्ही ठणका म्हणता.

ताईनं लवंगेचं तेल आणलं, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या दिल्या, दुखणं मारायच्या गोळ्या आणल्या. दवाखान्याचं नाव निघालं की मात्र ती उखडायची. दाताला कोण एवढे पैसे घालतं, म्हणायची. ती सगळी पैसे उकळायची दुकानं आहेत. एक दात दाखवायला जावं तर चार सांगतात. एकदा जेवताना ती म्हणाली, "माझे गेले की. कुठे अडलं माझं?"

तिचं तोंड तेव्हा उघडं होतं आणि बारकीचंही. आम्ही दात एकमेकांना असे जेवणाच्या वेळीच बघतो. ताईच्या उजव्या बाजूला खालच्या दाढा नव्हत्याच. वरची एक लांब होऊन खाली लोंबल्यासारखी दिसत होती. डाव्या बाजूच्या एकीचा अर्धा भाग तुटून काळा खुंट उरला होता. ती पोळीचे बारीक तुकडे करून डाळीत बुडवायची आणि ते मऊ होईपर्यंत थांबायची. बारकी ते रोज बघत होती. पण रोज दिसणारं माणूस बघत नाही.

पैशांचं कारण अगदीच खोटं नव्हतं. दोघी पट्ट्यांचे कोपरे कापायच्या यंत्रासाठी पैसे साठवत होत्या. हातकरवतीनं कापलेला कोपरा कितीही जपलं तरी कधी कधी केसभर उघडा राहतो, आणि चोखंदळ गिऱ्हाईक नेमकं तिथेच बोट ठेवतं. यंत्र आलं की ती कटकट संपणार होती. त्या साठवणीला हात लावायचा नाही, असं ठरलं होतं.

एक दिवस बारकी एका म्हाताऱ्या जोडप्याच्या तरुणपणीच्या फोटोला काच बसवत होती. मी आतून असा ठणका मारला की तिचा हात हलला आणि काच फोटोवरच तडकली. फोटोला काही झालं नाही, बोट मात्र कापलं. ताईनं बोटाला पट्टी बांधली. बारकीनं अंगावरचा एप्रन काढून खुंटीला अडकवला आणि मागच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टर बाई बारकीहून लहान होत्या. बोलणं शांत, पण सवय अशी, की माणसाचं तोंड कापसानं भरलं की त्याला प्रश्न विचारायच्या. त्यांनी माझ्यावर गार वाऱ्याची फुंकर मारली, बारकी खुर्चीतून उठलीच. मग फोटो काढला. माझा पहिलाच फोटो. पडद्यावर मी राखाडी दिसत होते, पोटात काळा डाग, तो थेट नसेपर्यंत गेलेला, आणि एका मुळाच्या टोकाशी पुसटशी सावली.

बारकी म्हणाली, काढूनच टाका. एकदाची ब्याद जाऊ दे.

डॉक्टर बाईंनी नको असं म्हटलं नाही. काढता येईल, स्वस्तात होईल, लगेच होईल, असं सांगितलं. मग पुढे काय होतं तेही सांगितलं. दाढ गेली की मागची दाढ त्या खड्ड्याकडे कलते, वरची खाली उतरायला लागते, त्या बाजूनं चावणं सुटतं, आणि सगळा भार दुसऱ्या बाजूवर येतो. तिथे नवा दात बसवायचा म्हटलं तर तो या उपचारापेक्षा महाग पडतो. वर दिसतेय ती दाढ अजून धड आहे, मुळं घट्ट आहेत. आतली नस तेवढी खराब आहे. ती काढून, नळ्या साफ करून, भरून बंद केल्या तर दाढ वाचते. यालाच रूट कॅनॉल म्हणतात.

मग त्यांनी खर्च सांगितला. रूट कॅनॉलचा वेगळा, वर बसवायच्या कॅपचा वेगळा.

"एका दाढेचे एवढे?" बारकी म्हणाली.

हे वाक्य ती रोज ऐकते. चार पट्ट्या आणि एक काच, त्याचे एवढे, असं दिवसातून एक तरी गिऱ्हाईक म्हणतंच. गाल धरलेला असतानाही तिला हसू आलं. डॉक्टर बाईंनी विचारलं तेव्हा तिनं आपला धंदा सांगितला.

"मग तुम्ही काय सांगता गिऱ्हाइकाला?"

"सांगते, घरी जाऊन एक स्वतः ठोकून बघा."

"मला तेवढं म्हणायची सोय नाही," डॉक्टर बाई म्हणाल्या, आणि मग खुर्चीजवळ स्टूल ओढून त्यांनी नीट समजावलं. पुढच्या दाताला बहुतेक एक मूळ, एक नळी. या दाढेला मुळं दोन आणि नळ्या तीन, एखादीला चारही निघतात. प्रत्येक नळी केसासारखी, शिवाय वाकडी. एक जरी राहून गेली तरी सगळं केलेलं फुकट. त्यात जाणारा वेळ, बारीक सुया, त्या लवकर झिजतात आणि टाकून द्याव्या लागतात, फोटो, औषधं, हे सगळं त्या रकमेत आलं. कॅप वेगळी, कारण ती दुसरीकडे मापावर बनवून येते. कॅप धातूची घ्यावी, की दातासारख्या रंगाची, त्यावर तिचा भाव. आणि पैसे एकदम द्यायला हवेत असं नाही, जसजसं काम होईल तसतसे द्या.

बारकीला ते पटलं. माप, वेळ, माल, बनवून येणारी वस्तू. ही भाषा तिची होती. तिनं मान डोलावली. त्याच दिवशी काम सुरू झालं.

सुई टोचली तेवढं तिला कळलं. मग अर्धा ओठ आणि अर्धी जीभ लाकडाची झाली. माझ्याभोवती रबराचा पातळ पडदा ताणला, त्यातून मी एकटीच वर डोकं काढून राहिले. मग माझं छप्पर उघडलं. मी घाबरले होते, खोटं कशाला सांगू. पण नस निघाली तेव्हा मला जाणवलं ते दुखणं नव्हे. इतके दिवस भिंतींवर धडका देणारं कुणीतरी थांबलं, एवढंच. बारीक सुया माझ्या मुळांत वर-खाली फिरल्या, पाण्यासारख्या औषधानं मला धुतलं, त्याला पोहण्याच्या तलावासारखा वास होता. शेवटी आत औषध ठेवून वर तात्पुरतं सिमेंट लावलं. डॉक्टर बाईंनी बजावलं, की हे सिमेंट तात्पुरतंच आहे. काम अर्धं झालंय. पुढच्या आठवड्यात या.

त्या रात्री बारकी गाढ झोपली. सकाळी तिनं चहा प्यायला, डावीकडून. काही झालं नाही. ताईला सांगितलं तर ताई म्हणाली, "थांबलं ना दुखायचं? मग झालं की. आता कशाला पैसे घालतेस?"

बारकीलाही तेच हवं होतं. दुखत नसलेल्या दाढेसाठी पैसे काढायचे हे जिवावर येतं. पुढचा आठवडा गेला. दवाखान्यातून फोन आला, तिनं सांगितलं, कामं फार आहेत, येते. लग्नाचे फोटो मढवायचे दिवस होते, कामं खरंच होती. मग फोन यायचे थांबले. राहिलेले पैसे यंत्राच्या साठवणीत गेले.

मी मात्र उघड्या घरासारखी झाले होते. तात्पुरतं सिमेंट झिजत गेलं. आत नस नव्हती, पण नळ्या रिकाम्या होत्या, आणि रिकामी जागा रिकामी राहत नाही. त्यात पुन्हा घाण शिरली. दुखवून कळवायला माझ्याकडे आता काही उरलं नव्हतं. एकदा बदाम चावताना माझी एक भिंत ढासळली. नस काढलेली दाढ ठिसूळ होते, तिला वरून कॅपचा आधार लागतो. बारकीनं तो तुकडा तळहातावर घेऊन पाहिला आणि केरात टाकला.

मग एका सकाळी तिचा गाल सुजला. दुपारपर्यंत जबड्याखालचा भागही फुगला. तोंड दोन बोटंही उघडेना. ताप भरला. पाणी गिळताना ती मान वर करून, डोळे मिटून गिळत होती. मी ते आतून ऐकत होते, घशाचा रस्ता आवळत चाललेला. ताई गिऱ्हाइकाला फोटो दाखवत होती. तिनं सहज मागे वळून पाहिलं, बारकीला आवंढा गिळता येईना, लाळ रुमालानं टिपत होती. ताईनं गिऱ्हाइकाला उद्या या म्हटलं, दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि बारकीला हाताला धरून निघाली.

दवाखान्याच्या पायरीशी ताई थांबली. बारकीला वाटलं तिला दम लागला. ताई म्हणाली, तू जा आत, मी इथेच आहे. पण बारकीचा तोल जात होता. ताईनं तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, आणि तिला धरून आत आली.

डॉक्टर बाईंनी बघितलं आणि रांगेतल्या माणसाला थांबायला सांगितलं. त्यांनी रागावून काही म्हटलं नाही. एवढंच सांगितलं, की सूज घशाकडे चाललीय, अजून एक दिवस थांबला असतात तर श्वासाला अडचण झाली असती, मग दवाखाना नव्हे, मोठं हॉस्पिटल लागलं असतं. त्यांनी हिरडीजवळून पू काढला. मला उघडून धुतलं. औषधं लिहून दिली, सूज उतरली नाही तर लगेच कुठे जायचं तेही लिहून दिलं, आणि लगेच घरी न जाता थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं.

बाहेरच्या बाकावर ताई भिंतीला टेकून बसली होती. आतल्या यंत्राचा आवाज झाला की तिच्या हाताची बोटं पदरात रुतत होती. चेहरा पांढराफटक. मदतनीस मुलीनं तिला पाणी आणून दिलं. बारकी कापूस चावत शेजारी बसली. तिला बोलता येत नव्हतं. कदाचित म्हणूनच ताई बोलली.

ती तरुण असताना तिची एक दाढ दुखत होती. बाजारात जिन्यावर एक दात काढणारा बसायचा, घरच्यांनी पैसे देऊन तिथे पाठवलं. बरोबर कुणी नव्हतं. त्यानं सुई टोचली आणि भिनायची वाट बघितली नाही. ताईनं सांगितलं की अजून कळतंय मला. त्यानं तरी पक्कड लावली.

"मी ओरडले तर म्हणाला, गप बस, बाहेर लोक बसलेत," ताई म्हणाली. "दाढ तुटली. अर्धी आत राहिली. मग ती काढत बसला."

ती कापूस तोंडात धरून एकटीच घरी चालत आली. आईनं विचारलं, झालं? ती हो म्हणाली. त्यानंतर तिचे जे जे दात दुखले ते तिनं दुखू दिले. सडू दिले, तुटू दिले, पण पुन्हा कुठल्या खुर्चीत बसली नाही. पैशांचं कारण चांगलं होतं. पैसे वाचवणाऱ्या माणसाला कुणी काही विचारत नाही.

"तुला येऊ दिलं नाही मी," ती म्हणाली. "मला वाटायचं, तुलाही तसंच करतील."

बारकीनं कापूस चावत तिचा हात धरला. कुणी रडलं नाही. मदतनीस मुलीनं पुढचं नाव पुकारलं.

सूज उतरायला थोडे दिवस गेले. मग माझं काम पुन्हा सुरू झालं, आणि या वेळी बारकीनं एकही फेरी चुकवली नाही. नळ्या पुन्हा पहिल्यापासून साफ केल्या. त्या कोरड्या करून गुलाबी, रबरासारख्या काड्यांनी टोकापर्यंत भरल्या. ढासळलेली भिंत नव्यानं बांधली. आधीच वेळेवर गेली असती तर ही बांधणी लागली नसती, आणि तिचे पैसेही. खर्च पहिल्या हिशेबाहून वाढला. तो यंत्राच्या साठवणीतूनच गेला, आणि साठवण काढून ताईनंच आणून दिली. कॅपच्या वेळी डॉक्टर बाईंनी दोन्ही नमुने समोर ठेवले आणि सांगितलं, मागची दाढ आहे, कुणाला दिसत नाही, धातूची टिकाऊ आणि स्वस्त. बारकीनं धातूची घेतली. बसवल्यावर तिनं आरशात जबडा वासून पाहिलं आणि म्हणाली, चंदेरी पट्टी शोभते.

मग ताईचा प्रश्न आला. बारकीनं तिला तगादा लावला नाही. डॉक्टर बाईंनीही नुसतं सांगितलं होतं, की कधी वाटलं तर या, काही करणार नाही, फक्त बघू. ताई माझ्या शेवटच्या तपासणीला बरोबर आली. बारकी खुर्चीतून उतरली तेव्हा ताई म्हणाली, बघा मग.

त्यांनी बघितलं. आरसा आणि दिवा, दुसरं काही हातात घेतलं नाही. वरची लांब झालेली दाढ ठेवता येणार होती. डावीकडचा काळा खुंट मात्र वाचवण्याजोगा नव्हता. आधी आला असतात तर हिच्यासारखंच करता आलं असतं, आता काढावाच लागेल, असं त्यांनी सरळ सांगितलं. ताईनं ऐकून घेतलं. घरी आली, दोन दिवस गल्ल्यावर बसली. तिसऱ्या दिवशी पुठ्ठा कापता कापता म्हणाली, चल, जाऊन येऊ.

खुर्चीत ती ताठ बसली होती. डॉक्टर बाईंनी आधीच सांगून ठेवलं, की हात वर केलात की मी थांबणार, कितीदाही. सुई दिल्यावर त्या चक्क उठून गेल्या, दुसऱ्या खोलीत कुणाशी तरी बोलून आल्या. परत येऊन हिरडीला टोचून विचारलं, कळतंय? ताई म्हणाली, थोडं. त्यांनी अजून औषध दिलं आणि पुन्हा थांबल्या. ताई त्यांच्याकडे बघत राहिली. कुणीतरी तिच्या 'थोडं'साठी थांबलं होतं.

बारकी पायाशी उभी होती, तोंड उघडं टाकून, म्हणून मला सगळं दिसलं. डॉक्टर बाईंनी हत्यार लावलं, मनगट हलकं फिरवलं, थोडा वेळ तसंच धरलं, पुन्हा फिरवलं. मग ट्रेमध्ये काहीतरी टण्णकन पडलं आणि त्या कापूस बसवू लागल्या.

ताईनं हात वर केला. सगळे थांबले.

"काढणार कधी?" तिनं अर्ध्या ओठानं विचारलं.

"काढली की. ती बघा."

ताईनं मान वळवून ट्रेकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग कापसाच्या आडून म्हणाली, "एवढंच?"

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. डॉक्टर बाईंनी विचारलं, दुखतंय का. तिनं नाही म्हणून मान हलवली. बारकीला कळलं, मलाही कळलं. इतकी वर्षं ती ज्याला भीत होती, ते तिच्या नकळत होऊन गेलं होतं. आणि ज्या दाढा तिनं त्या भीतीपायी घालवल्या, त्या काही आता परत येणार नव्हत्या.

जखम भरल्यावर तिनं खाली काढता-घालता येणारी कवळी बसवून घेतली. पहिले काही दिवस तिला ती तोंडात परक्यासारखी वाटली. मग एका दुपारी तिनं पोळीचा तुकडा डाळीत न बुडवता तोंडात टाकला आणि चावत राहिली. बारकीनं या वेळी बघितलं.

कोपरे कापायचं यंत्र अजून आलेलं नाही. करवतच चालते. एखादा कोपरा केसभर उघडा राहतोच.

आता माझं म्हणाल, तर मी ठीक आहे. आत नस नाही, त्यामुळे गार-गरम मला काही कळत नाही. बर्फाचं पाणी काय आणि उकळता चहा काय, मला दोन्ही सारखेच. त्याचं थोडं वाईट वाटतं. पण मूळ अजून हाडात आहे, भोवतीची हिरडी जिवंत आहे, आणि घास दाबला की तो दाब मला नीट कळतो. कडक काय, मऊ काय, खडा कुठला, हे मी अजून ओळखते. दाढेला तेवढं पुरतं.

माझं काही मागणं असेल तर ते एवढंच. दुखत नाही म्हणजे बरं आहे, असं समजू नका. मी सगळ्यांत जास्त खराब झाले ती दुखत नव्हते तेव्हाच. काम अर्धं सोडू नका. खर्च किती, हे विचारायला लाजू नका. काय काय धरलंय, काय वेगळं लागेल, थांबलं तर काय होईल, सगळं विचारा. घरात कुणी दवाखान्याचं नाव काढलं की चिडत असेल, तर त्याला पैशांबद्दल विचारू नका. त्याला विचारा, मागच्या वेळी काय झालं होतं.

जिन्यावर पावलं वाजताहेत. दुपारचं जेवण वाढलेलं दिसतंय. बारकीनं हात धुतले, ताईनं पाट सरकवला. आता तोंड उघडेल आणि मला कामाला लागावं लागेल. येते मी.